ट्राउट आणि मांजरेचे पाणी

इंग्रजी कथा-कादंबऱ्या वाचणाऱ्यांना एक दृश्य परिचयाचे असते. शनिवार-रविवारची सुट्टी आहे. डोंगरातल्या अरुंद, खळाळत्या ओढ्यात एक गृहस्थ गुडघाभर पाण्यात उभा आहे. त्याच्या हातात लांब, लवचीक काठी आहे. काठीला दोरी, दोरीला गळ आणि गळावर पिसांची बनवलेली एक खोटी माशी. ती माशी तो पाण्यावर अलगद टेकवतो आणि ट्राउट नावाचा ठिपकेदार मासा तिच्यावर झेप घेतो. या छंदाला ‘फ्लाय फिशिंग’ म्हणतात.

असा उतारा वर्गात वाचला, तर लातूर किंवा नांदेडचा एखादा चौकस विद्यार्थी सहज विचारील, “हा मासा आपल्या मांजरा नदीत का नाही?” प्रश्न साधा आहे. पण उत्तर शोधू लागलो की भौतिकशास्त्र, जीवशास्त्र आणि इतिहास या तिन्ही विषयांची दारे उघडतात.

गार पाण्याचा मासा

ट्राउट हा थंड पाण्यातला मासा आहे. साधारण १० ते १६ अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात तो सुखाने राहतो. पाणी २५ अंशांच्या आसपास गेले की त्याचा जीव धोक्यात येतो. अंडी उबण्यासाठी तर पाणी याहूनही बरेच थंड लागते.

याचे एक कारण पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूत आहे. साखर गरम पाण्यात जास्त विरघळते, हे मुलांना ठाऊक असते. वायूंचे नेमके उलटे असते. समुद्रसपाटीला १० अंश तापमानाच्या एक लिटर पाण्यात सुमारे ११.३ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. २० अंशांना हा आकडा ९.१ पर्यंत उतरतो आणि ३० अंशांना साडेसातच्या जवळ येतो. पाणी तापले की एकीकडे प्राणवायू कमी होतो आणि दुसरीकडे माशाच्या शरीरातील क्रिया वेगाने होऊ लागल्याने त्याची प्राणवायूची गरज वाढते. ट्राउट या कात्रीत सापडतो. मरळ मात्र गढूळ, कोमट डबक्यातही तग धरतो, कारण तो पृष्ठभागावर येऊन थेट हवेतला प्राणवायू घेऊ शकतो.

मांजरा बीड जिल्ह्यात बालाघाटच्या डोंगरात उगम पावते, लातूर जिल्ह्यातून वाहते आणि नांदेड जिल्ह्याच्या सीमेवर कंदकुर्तीजवळ गोदावरीला मिळते. तिला तेरणा, तावरजा, घरणी, मन्याड, लेंडी अशा नद्यांचे पाणी मिळते. या सर्वांचे पाणी पावसाचे आहे, बर्फाचे नाही. काळ्या बेसॉल्ट खडकात पाणी फार साठत नाही, म्हणून पावसाळा सरला की लहान ओढ्यांची धार बारीक होत जाते आणि उन्हाळ्यात फक्त डोह उरतात. हवेचे तापमान ४० अंशांच्या वर गेलेले असते. ट्राउट येथे का नाही, या प्रश्नाचे अर्धे उत्तर इथेच मिळाले.

बर्फातून आलेली अंडी

उरलेले अर्धे उत्तर इतिहासात आहे. ट्राउट मुळात भारताचा मासाच नाही. ब्राउन ट्राउट युरोपचा, तर रेनबो ट्राउट प्रशांत महासागराच्या उत्तर किनाऱ्यालगतच्या प्रदेशातला. आपल्याकडे तो आणला इंग्रजांनी, आणि तोही मुख्यतः छंदासाठी.

जिवंत मासे महिनोन्महिने जहाजावर वाहून नेणे अशक्य होते. म्हणून अंडी ओल्या शेवाळात गुंडाळून बर्फात ठेवण्याची युक्ती निघाली. थंडीने अंड्याची वाढ मंदावते आणि प्रवासापुरता वेळ मिळतो. याच युक्तीने १८६४ साली इंग्लंडची अंडी टास्मानियाला जिवंत पोहोचली. त्याच दशकात फ्रान्सिस डे या डॉक्टरने निलगिरीत ट्राउट आणण्याचा प्रयत्न केला, पण तो फसला. हाच डे पुढे भारतातील माशांवरील मोठ्या ग्रंथाचा कर्ता म्हणून ख्यातनाम झाला. काश्मीरसाठी १८९९ मध्ये पाठवलेली अंडी वाटेतच मेली. १९०० मध्ये स्कॉटलंडहून आलेली खेप मात्र टिकली आणि श्रीनगरजवळ हरवान येथे पैदास सुरू झाली. निलगिरीत विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात रेनबो ट्राउटने जम बसवला.

ही ठिकाणे नकाशावर पाहावीत. एक तर हिमालय, नाहीतर दक्षिणेतील सुमारे दोन हजार मीटर उंचीचे डोंगर. लातूरची उंची सुमारे सहाशे मीटर आहे. म्हणजे साहेबाने मासा आणला खरा, पण त्याचे बिऱ्हाड कुठे मांडायचे हे पाण्यानेच ठरवले.

कल्याणीच्या राजाचा मत्स्यविनोद

मग गळाने मासे धरण्याचा छंदही आपल्याकडे साहेबानेच आणला काय? अनेकांचा तसा समज असतो. त्याचे उत्तर लातूर जिल्ह्याच्या सीमेपलीकडे, आजच्या कर्नाटकातील बसवकल्याण येथे मिळते. हेच चालुक्यांचे कल्याणी. मराठवाड्याचा मोठा भाग तेव्हा याच राजघराण्याच्या अमलाखाली होता.

तेथील राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावर ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ आहे. इ. स. ११३० च्या सुमारास तो सिद्ध झाला. वीस-वीस अध्यायांचे पाच भाग, असे एकूण शंभर अध्याय. राज्यकारभार, वैद्यक, पाकशास्त्र, संगीत, खेळ असे कितीतरी विषय त्यात आहेत. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत गजानन श्रीगोंदेकर यांच्या संपादनाने तो तीन खंडांत प्रसिद्ध झाला. त्यातील पहिला खंड १९२५ सालचा.

या ग्रंथात राजाच्या करमणुकींमध्ये ‘मत्स्यविनोद’ येतो. मत्स्यविनोद म्हणजे गळाने मासे धरण्याचा खेळ. माशांचे समुद्रातले आणि नदीतले, खवल्यांचे आणि बिनखवल्यांचे, मोठे आणि लहान असे वर्ग पाडले आहेत. तीसहून अधिक जाती नावानिशी सांगितल्या आहेत. काठी, दोरी आणि गळ यांची माहिती आहे. विशेष म्हणजे कोणत्या माशाला कोणते खाद्य आवडते याचा तपशील आहे. आधी खाऊ घालून मासे एका जागी जमवावेत आणि मगच गळ टाकावा, हेही सांगितले आहे.

या भागाकडे शास्त्रज्ञांचे लक्ष वेधले सुंदरलाल होरा यांनी. होरा हे भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे संचालक होते. वेगवान प्रवाहात दगडाला चिकटून राहणाऱ्या माशांचा त्यांचा अभ्यास जगभर नावाजला गेला. मत्स्यविनोदावरील त्यांचा लेख १९५१ साली एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात आला. आता तुलना करून पाहा. गळाच्या मासेमारीवरचा इंग्रजीतला पहिला छापील प्रबंध १४९६ सालचा. मानसोल्लास त्याच्याही साडेतीनशे वर्षे आधीचा.

पण येथे फुशारकी मारण्याचे कारण नाही. पिसांच्या माशीची युक्ती मत्स्यविनोदात नाही. ती युरोपातली, आणि फार जुनी. मॅसिडोनियातले कोळी गळाला तांबडी लोकर आणि कोंबड्याची पिसे बांधून ठिपकेदार मासे धरतात, असे ईलियन या रोमन लेखकाने इ. स. २०० च्या सुमारास लिहून ठेवले आहे. दोन्हीकडे ज्ञानाचा पाया मात्र एकच आहे : मासा काय खातो, ते आधी पाहा. मॅसिडोनियातला मासा पाण्यावरचे किडे खात होता, म्हणून तेथे माशी आली. राजाच्या माशांना पिठाचे गोळे आवडत, म्हणून येथे गोळे आले.

मराठी नावांचे मासे

मानसोल्लासातील अनेक नावे आज नेमकी कोणत्या माशांची, हे ओळखणे कठीण जाते. नाव उरले, पण त्या नावाचा मासा कोणता, याची खूण हरवली. असे होऊ नये म्हणून विज्ञानात वर्णन आणि नाव यांची गाठ कायमची बांधलेली असते. आपल्या दख्खनी माशांच्या बाबतीत ही गाठ बांधणारा माणूस कर्नल विल्यम हेन्री सायक्स.

मुंबई सरकारने १८२४ मध्ये सायक्सला दख्खनची आकडेवारी गोळा करण्याच्या कामावर नेमले. त्याचा प्रदेश मुख्यतः पुणे-अहमदनगर बाजूचा होता, कारण मराठवाडा त्या वेळी निजामाच्या राज्यात होता. लोकसंख्या, पिके आणि पाऊस मोजता मोजता त्याने पक्षी आणि मासेही टिपले. चाळीसहून अधिक माशांची त्याची वर्णने १८३९ आणि १८४१ मध्ये लंडनमध्ये छापली गेली.

गंमत अशी की, यातील कितीतरी माशांना त्याने लॅटिन किंवा ग्रीक नावे न देता येथल्या लोकांच्या तोंडची नावे दिली. मुळा-मुठेच्या महासीर माशाचे शास्त्रीय नाव ‘टॉर खुद्री’. घोगऱ्या माशाचे ‘रिटा गोग्रा’. नाकाडावर विचित्र उंचवटा असलेल्या एका माशाच्या नावात ‘नुक्टा’ आहे, म्हणजे आपला नकटा. ‘कोलस’, ‘सांडखोल’, ‘बोग्गुट’ हीदेखील त्याचीच नावे. यांतील अनेक मासे कृष्णेबरोबर गोदावरीच्या खोऱ्यातही आढळतात. आज जपानमधला शास्त्रज्ञसुद्धा या माशांविषयी लिहिताना हेच मराठी शब्द लिहितो. ज्या कोळ्यांनी आणि भोयांनी ही नावे सांगितली, त्यांची स्वतःची नावे मात्र कोठेही नोंदलेली नाहीत.

ट्राउट नसलेल्या प्रदेशातील इंग्रज शिकाऱ्यांनी पुढे याच देशी माशांकडे मोर्चा वळवला. हेन्री सलिव्हन टॉमस याचे ‘द रॉड इन इंडिया’ हे पुस्तक १८७३ सालचे. महासीर ताकदीत साहेबाच्या सामनला हार जाणारा नाही, असे त्याचे मत होते. लहान ओढ्यांत पृष्ठभागावरचे किडे टिपणारे बॅरिलियस कुळीचे बोटभर मासे खोट्या माशीवर झेपावतात. त्यांना तर इंग्रजांनी ‘इंडियन ट्राउट’ असेच म्हणून टाकले. वास्तविक त्यांचे नाते रोहू-कटल्याशी आहे, ट्राउटशी नव्हे.

आपला मासा, परकी नदी

परक्या पाण्यात मासा सोडण्याची हौस इंग्रजांबरोबर संपली नाही. १९५२ मध्ये आफ्रिकेतील तिलापिया भारतात आणला गेला. तो आता कितीतरी तलावांत आणि नद्यांत ठाण मांडून बसला आहे.

याहून विचार करायला लावणारी गोष्ट आपल्या खुद्रीची आहे. धरणे, सुरुंगाने होणारी मासेमारी आणि दूषित पाणी यांमुळे तो कमी होऊ लागला. तेव्हा १९७० च्या सुमारास लोणावळ्याच्या वळवण तलावावर, टाटांच्या वीज प्रकल्पाच्या आवारात, त्याची कृत्रिम पैदास यशस्वी झाली. हे काम मोलाचे होते. पण तेथील पिले देशभर वाटली गेली आणि कावेरीतही सोडली गेली. कावेरीत पाठीवर कुबड असलेला तिचा स्वतःचा महासीर होता. खुद्री वाढला आणि मूळचा मासा मागे हटत गेला. २०१८ मध्ये त्या कुबड्या महासीराची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून झाली. दख्खनचा मासा दक्षिणेत जाऊन दुसऱ्याच्या घरातला ट्राउट ठरला! मासा ‘देशी’ असणे पुरेसे नाही, तो त्या नदीचा असावा लागतो.

मांजरेला तर वेगळाच प्रश्न आहे. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. माणसांसाठी गाडी आली, पण डोहातल्या माशांसाठी गाडी येत नाही. डोह आटला, वाळू उपसली गेली किंवा त्यात सांडपाणी शिरले, तर पुढच्या पावसाळ्यात ओढ्यात चढायला मासे उरत नाहीत. म्हणून उन्हाळ्यातला एक डोह म्हणजे अख्ख्या ओढ्याचे बियाणे असते. रायगड जिल्ह्यातील वाळण कोंडीसारखे डोह लोकांनी श्रद्धेने राखले, म्हणून तेथे महासीर टिकून राहिले.

शाळेला करता येईल असे काही

फ्लाय फिशिंग करणारा माणूस ओढ्यावर गेला की आधी पाण्यातला दगड उलटून पाहतो. खालचे किडे पाहून तो त्या दिवशी कोणती माशी बांधायची ते ठरवतो. गळ न टाकताही एवढी गोष्ट आपल्याला करता येईल. पावसाळ्यानंतर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, जवळच्या वाहत्या ओढ्यावर उथळ जागी शिक्षकांनी विद्यार्थ्यांना न्यावे.

दगडाच्या खालच्या बाजूला चपटे, शेपटीला दोन किंवा तीन केस असलेले किडे चिकटलेले दिसतील. पोटाच्या दोन्ही बाजूंना पानांसारखे कल्ले हलताना दिसले, तर ती मेफ्लायची पिले. ही कित्येक आठवडे किंवा महिने पाण्यात काढतात आणि पंख फुटल्यावर जेमतेम काही तास ते एक-दोन दिवस जगतात. वाळूचे कण चिकटवून केलेली नळी दिसली, तर तिच्यात कॅडिसफ्लायची अळी असते. ही दोन्ही भरपूर असतील, तर पाण्यात प्राणवायू पुरेसा आहे असे समजावे. केवळ तांबडे, गांडुळासारखे बारीक किडेच सापडले, तर पाण्यात घाण मिसळत असल्याची शंका घ्यावी. पाहून झाल्यावर दगड होता तसा ठेवावा.

पाण्याचे तापमान सकाळी सहाला आणि दुपारी तीनला मोजावे. कनिष्ठ महाविद्यालयात रसायनांची सोय असल्यास विंक्लर पद्धतीने प्राणवायूही मोजता येईल. शिवाय गावातील वयस्क भोई-कोळी मंडळींना भेटून माशांची नावे, त्यांच्या खुणा, कोणता मासा पूर्वी मिळत असे आणि आता मिळत नाही, हे लिहून घ्यावे. नाव आणि वर्णन एकाच ओळीत लिहावे, म्हणजे मानसोल्लासातल्या नावांसारखी गत होणार नाही. माहिती सांगणाऱ्याचे नावही त्याच्या संमतीने लिहावे, कारण सायक्सच्या वहीत ते राहून गेले.

हा तक्ता शाळेत जपून ठेवावा आणि पुढच्या वर्षी त्याच ओढ्यावर, त्याच महिन्यात, नव्या मुलांनी तो पुन्हा भरावा. पाचएक वर्षांचे तक्ते शेजारी शेजारी ठेवले की आपला ओढा कोणत्या वाटेने चालला आहे, हे मुलांना स्वतःच वाचता येईल.