नवा चष्मा त्रास देतोय? सवय होण्याचा काळ आणि नंबर चुकल्याच्या खुणा

नवा चष्मा घालून दुकानाबाहेर पडलात आणि जमीन खोल गेल्यासारखी वाटली, पायरीचा अंदाज चुकला, तर लगेच घाबरू नका. “सवय होईल,” असे दुकानदार सांगतो आणि बहुतेक वेळा ते खरे असते. मात्र नेहमीच नाही. कधी थांबायचे आणि कधी परत जायचे, ते पाहू.

सुरुवातीला असे का होते?

मायनस नंबरच्या काचेतून वस्तू थोड्या लहान दिसतात, प्लसच्या काचेतून मोठ्या. मेंदू जुन्या आकाराला सरावलेला असतो. त्यामुळे नंबर बरोबर असला तरी काही काळ अंतराचा अंदाज चुकतो. सिलिंडर नंबर नव्याने लागला किंवा बदलला, तर फरशी उतरती आणि दाराची चौकट तिरपी भासू शकते.

हा त्रास साधारणपणे काही दिवसांत, फार तर दोन आठवड्यांत कमी होतो. दूरचे आणि जवळचे एकाच काचेतून दाखवणाऱ्या प्रोग्रेसिव्ह चष्म्याला दोन ते चार आठवडे लागू शकतात.

सवय लवकर कशी होईल?

- सकाळी उठल्यापासून नवाच चष्मा वापरा. जुना आणि नवा आलटून पालटून घातल्यास मेंदूला दरवेळी नव्याने जुळवून घ्यावे लागते.
- पहिले काही दिवस जिना उतरताना कठड्याला धरा. नजर सरावेपर्यंत दुचाकी चालवू नका.
- प्रोग्रेसिव्ह चष्म्यात बाजूला पाहताना नुसते डोळे न फिरवता मान वळवा. जिना उतरताना हनुवटी खाली घ्या, म्हणजे पायरी काचेच्या वरच्या, दूरच्या भागातून दिसेल.

चूक असल्याच्या खुणा

सवयीचा त्रास रोज थोडा थोडा कमी होतो. चुकीचा त्रास तसाच राहतो किंवा वाढतो. पुढील गोष्टी तपासा:

- एकेक डोळा झाकून पाहा. एकाच डोळ्याला सतत अंधूक दिसत असेल, तर त्या बाजूचा नंबर किंवा काच तपासून घ्यावी लागेल.
- चष्मा हाताने किंचित वर-खाली किंवा पुढे-मागे करून पाहा. तसे केल्यावर स्पष्ट दिसत असेल, तर दोष बहुधा नंबरात नसून फ्रेमच्या बसण्यात आहे. नाकावरच्या गाद्या किंवा दांड्या नीट करून घेतल्या की काम होते.
- दोन डोळ्यांनी पाहताना दोन प्रतिमा दिसतात, पण एक डोळा झाकल्यावर एकच दिसते? मग काचांचे मध्य बाहुल्यांसमोर आलेले नसण्याची शक्यता आहे. ५.०० नंबरच्या काचेचा मध्य ४ मिलिमीटर जरी सरकला, तरी २ प्रिझमइतका दोष येतो. म्हणून दोन बाहुल्यांमधले अंतर नीट मोजणे नंबराइतकेच महत्त्वाचे असते.

परत जाताना काय न्यावे?

जुना चष्मा, नवा चष्मा आणि डॉक्टरांचा कागद असे तिन्ही न्या. लेन्सोमीटर नावाच्या यंत्रावर काचेचा नंबर दोन मिनिटांत मोजता येतो. तो कागदाशी जुळला नाही, तर काच बनवण्यात चूक आहे. जुळला आणि बाहुल्यांचे अंतर व फ्रेमही ठीक असेल, तर डोळे पुन्हा तपासून घ्या.

एक गोष्ट लक्षात ठेवा. दोन कागदांवरचे आकडे वेगळे दिसले म्हणजे नंबर वेगळाच असतो असे नाही. “मायनस १.००, सिलिंडर मायनस ०.५०, अ‍ॅक्सिस १८०” आणि “मायनस १.५०, सिलिंडर प्लस ०.५०, अ‍ॅक्सिस ९०” हा एकच नंबर आहे, फक्त लिहिण्याची पद्धत निराळी.

दोष चष्म्याचा नसेल तर?

रक्तातली साखर वर-खाली होत असताना नंबरही बदलतो. त्यामुळे मधुमेह असेल तर साखर स्थिर झाल्यावरच नंबर काढून घ्यावा. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरही डॉक्टर काही आठवडे थांबायला सांगतात, ते याच कारणाने. उतारवयात अचानक चाळिशीशिवाय वाचता येऊ लागले, तर खूश होण्याआधी तपासणी करा. मोतीबिंदू वाढत असताना मायनस नंबर येऊन असे घडू शकते. तरुण वयात सिलिंडर नंबर दर काही महिन्यांनी वाढत असेल, तर बुबुळाची तपासणी सांगून करून घ्या.

डोळ्यांपुढे अचानक वीज चमकल्यासारखे होणे, काळे ठिपके एकदम वाढणे, नजरेवर पडदा आल्यासारखे वाटणे, डोळा लाल होऊन तीव्र दुखणे किंवा एकाएकी दिसेनासे होणे, यांपैकी काहीही झाले तर चष्म्याची सवय होण्याची वाट पाहू नका. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जा.