ग्लारुसचा सरकलेला डोंगर

खालचा थर जुना, वरचा नवा, हा भूस्तरशास्त्राचा पहिला धडा होय. परंतु स्वित्झर्लंडातील ग्लारुसच्या पर्वतांत पंचवीस कोटी वर्षांहून जुना खडक साडेतीन ते पाच कोटी वर्षांच्या खडकावर बसलेला आढळतो. जुना थर सरकून वर चढला असावा, हे आर्नोल्ड एशर याच्या मनात आले होते. परंतु सबंध डोंगर मैलोगणती सरकला असे म्हणण्याचे धैर्य न होऊन त्याने समोरासमोर झुकलेल्या दोन घड्यांची कल्पना पत्करली. त्याचा शिष्य आल्बर्ट हाइम याने १८७८ च्या आपल्या ग्रंथात तिचाच पुरस्कार केला. १८८४ मध्ये मार्सेल बेर्त्राँ या फ्रेंच पंडिताने ते स्थळ न पाहता, हाइमच्याच वर्णनांवरून, एकच मोठी सरक झाल्याचे प्रतिपादिले. सांध्यातील चुनखडीचा पातळ थर दाबाखाली कणकेसारखा मळला जाऊन वाहिला व त्यावरून वरचा भार सरकला, असे आज मानतात. विसाव्या शतकाच्या आरंभी हाइमनेही बेर्त्राँचे मत मान्य केले.

गुरूच्या मताचा अभिमान असूनही हाइमने खडक जसे दिसले तसेच रेखाटले. म्हणूनच प्रतिपक्षास त्यांतून सत्य वाचता आले. ही सचोटी आम्हांस सिद्धांताहूनही मोलाची वाटते.