कामाचें शास्त्र आणि कामकरी माणूस

थोडक्या श्रमांत अधिक काम कसें व्हावें, ही चिंता मनुष्याला पूर्वापार आहे. परंतु हातीं घड्याळ घेऊन तिचें शास्त्र बनविण्याचा उद्योग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचा. त्याचा आद्य प्रवर्तक फ्रेडरिक टेलर हा १८५६ सालीं अमेरिकेंतील फिलाडेल्फिया येथें जन्मला. घर सुखवस्तु, हार्वर्डची प्रवेशपरीक्षाहि तो उत्तीर्ण झाला होता. पण डोळ्यांनीं दगा दिल्यामुळें त्यानें कारखान्यांत उमेदवारी पत्करली आणि १८७८ मध्यें तो मिडव्हेल पोलाद कारखान्यांत दाखल झाला.

मुकादम झाल्यावर त्याच्या ध्यानांत आलें कीं, कामगार जाणूनबुजून हात राखून काम करतात. यांत त्यांचा दोष तो काय? मजुरी नगावर मिळे, आणि नग वाढले कीं मालक दर उतरवीत. टेलरनें उपाय योजिला तो असा : प्रत्येक कामाचे बारीक भाग पाडावे, प्रत्येकास लागणारा वेळ मोजावा, निरर्थक हालचाली गाळाव्या, आणि ठरल्या रीतीनें ठरलेलें काम करील त्यास वाढती मजुरी द्यावी.

पुढें बेथलेहेमच्या कारखान्यांत त्यानें साध्या फावड्याचा अभ्यास केला. एकाच फावड्यानें मजूर हलका कोळसाहि उचलीत आणि जड खनिजहि. फावड्यावर सुमारें २१ पौंड भार असतां दिवसाचें काम सर्वांत जास्त होतें, असें त्याला आढळलें. मग खनिजासाठीं लहान व कोळशासाठीं मोठें फावडें आलें. टेलरच्या हिशेबानें जेथें पूर्वीं ४०० ते ६०० मजूर लागत, तेथें १४० पुरले. त्यांची रोजची मजुरी १.१५ डॉलरवरून १.८८ डॉलरवर गेली. उरलेल्या माणसांचें काय झालें, हें मात्र त्या आंकड्यांवरून कळत नाहीं.

त्याच सुमारास फ्रँक गिलब्रेथ यानें गवंडीकामाकडे पाहिलें. वीट हाताशीं येईल अशी वर चढविण्याजोगी परांची त्यानें केली आणि एका विटेमागच्या अठरा हालचाली पांचांवर आणल्या. त्याची पत्नी लिलियन हिच्यासह त्यानें कामगाराच्या थकव्याचाहि विचार केला, हें विशेष.

टेलरचा प्रसिद्ध ग्रंथ १९११ सालीं निघाला. त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें वॉटरटाउनच्या सरकारी शस्त्रशाळेंत एका ओतकाम करणाऱ्या कामगारानें घड्याळापुढें काम करण्यास नकार दिला. त्याला काढून टाकतांच त्याचे सोबती काम सोडून बाहेर पडले. प्रकरण अमेरिकेच्या काँग्रेसपर्यंत गेलें. चौकशी झाली, आणि पुढें सरकारी शस्त्रशाळांत घड्याळ लावून कामगारांचें काम मोजण्यास कायद्यानें बंदी आली. ती १९४९ पर्यंत टिकली.

माझा सारा जन्म शाळेच्या घंटेवर गेला. एकदां मींहि वर्गांत घड्याळ ठेवून गणितें घालूं लागलों. आठवड्याभरांत वेग वाढला, मला धन्यता वाटली. मग वह्या तपासतांना दिसलें कीं, मागल्या बांकांवरील मुलें शेजाऱ्याचीं उत्तरें उतरवीत होतीं. चूक मुलांची नव्हती. मीं वेग मागितला, तो त्यांनीं दिला. दुसऱ्या दिवशीं तें घड्याळ मीं खिशांत ठेवलें आणि त्या मुलांच्या बांकाजवळ जाऊन बसलों.

म्हणून एवढेंच सुचवावेंसें वाटतें : आपण घरीं वा कचेरींत वेळ वांचवूं, तेव्हां वांचलेला वेळ कोणाच्या पदरीं पडला, हेंहि एकदां विचारून पाहावें.