ओढायची करवत, ढकलायची करवत

उन्हाळ्यात उजनी धरणाचे पाणी फार खाली गेले, की पळसदेवचे जुने दगडी मंदिर उघडे पडते आणि वर्तमानपत्रांत त्याची छायाचित्रे येतात. धरण १९८० साली पूर्ण झाले. सुमारे ११७ टीएमसी पाणी मावणाऱ्या या जलाशयात सुमारे ६३ टीएमसी मृत साठा आहे. म्हणजे धरण ‘रिकामे’ झाले तरी पुष्कळ काही पाण्याखालीच राहते. दगड पाण्यात राहिला. लाकूड मात्र माणसांबरोबर वर आले.

भीमाकाठची जुनी घरे माळवदाची. खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर आडवी लाकडे आणि वर मातीचा जाड थर. घर किती मोठे हे खणांत सांगायचे, आणि खण म्हणजे दोन तुळयांमधले अंतर; लाकडाच्या लांबीनेच घर मोजले जाई म्हणा ना. गाव उठताना भिंतींची माती सोडून देता येत होती, तुळई सोडून देणे कोणाला परवडणार? सागाची असो की बाभळीची, ती काढायची, बैलगाडीवर घालायची आणि नव्या जागी पुन्हा वापरायची. नव्या घरांवर पत्रे आणि पुढे स्लॅब आले, तेव्हा या तुळया उरल्या. त्यांचे आता काय करतात हे पाहायला आम्ही करमाळा तालुक्यातल्या एका पुनर्वसित गावी सुताराच्या खोपीत गेलो होतो. तिथे जे पाहिले त्याने आम्हाला करवतीच्या इतिहासाकडे वळवले.

करवतीचे दात कोणीकडे झुकलेले आहेत हे आपण सहसा पाहत नाही. आपल्या शाळेच्या कार्यशाळेतली करवत पाहा: दात पुढे झुकलेले, म्हणजे ढकलताना कापणारे. आपल्याकडच्या पारंपरिक सुताराच्या करवतीचे दात मुठीकडे वळलेले असत. ती ओढताना कापे. जपानी करवत आजही तशीच आहे. इजिप्तमध्ये थीब्जला रेखमिरे नावाच्या वजिराची इ. स. पूर्व पंधराव्या शतकातली कबर आहे. तिच्या भिंतीवरच्या चित्रांत सुतार लाकूड खांबाला उभे बांधून करवतीने कापताना दिसतो. त्या काळच्या इजिप्शियन करवतीही ओढण्याच्याच होत्या, आणि त्या मऊ तांब्या-काशाच्या होत्या हे त्याचे एक कारण.

ते कसे, हे वर्गात दोन मिनिटांत दाखवता येते. जुन्या पोस्टकार्डाची बोटभर रुंद पट्टी कापा. दोन्ही टोके धरून ओढा. पट्टी ताठ राहते. आता तीच टोके एकमेकांकडे ढकला. पट्टी लगेच कमानीसारखी वाकते. पातळ वस्तू ताण सहज सोसते, दाब मात्र सोसत नाही, वाकते. लिओनार्ड ऑयलर या गणितज्ञाने १७४४ साली याचे गणित मांडले. पट्टीची लांबी दुप्पट केली तर तिला वाकवायला चौथा हिस्सा जोर पुरतो. जाडी दुप्पट केली तर आठपट जोर लागतो. मुलांना पट्टी अर्धी करून, मग दोन पट्ट्या चिकटवून हे करायला सांगावे. आकडे मोजता आले नाहीत तरी फरक बोटांना कळतो.

आता करवतीकडे या. ढकलायचे पाते वाकू नये म्हणून जाड करावे लागते, किंवा चौकटीत ताणून बसवावे लागते. ओढायचे पाते पातळ चालते. पाते पातळ, की खाच अरुंद. खाच अरुंद, की भुसा कमी आणि श्रमही कमी. दोघांनी चालवायच्या मोठ्या करवतीत तर ओढण्याचाच नियम असतो. एकाने ओढायचे आणि दुसऱ्याने नुसते सोडायचे. त्याने उत्साहाने ढकलले तर पाते वाकून अडकते.

मग ढकलायची करवत आलीच का? चांगले पोलाद स्वस्त झाले हे एक. शेफील्डच्या कारखान्यांतली ताठ पाती जगभर गेली. दुसरे कारण बसण्याचे. आपला सुतार जमिनीवर बसून, लाकूड पायाने दाबून काम करी. ओढताना लाकूड अंगाकडे येऊ पाहते आणि पाय त्याला अडवतात. बाक नको, शिकंजा नको. युरोपातला सुतार बाकापाशी उभा राहतो आणि शरीराचा भार करवतीवर टाकतो. रेल्वे १८६० साली सोलापूरला पोहोचली. रेल्वेच्या आणि सरकारी कार्यशाळांबरोबर बाक, शिकंजा आणि ढकलायची करवत आली, आणि शाळांतल्या सुतारकामातही तीच रूढ झाली. आपली जुनी पद्धत अडाणी होती असा समज त्यातून पसरला. तो समज चुकीचा आहे असे आम्हाला वाटते.

चकतीच्या करवतीचे पेटंट इंग्लंडमध्ये सॅम्युएल मिलरने १७७७ साली घेतले. चकती स्वतःच फिरते, तेव्हा ओढणे-ढकलणे संपले असे वाटेल. पण प्रश्न नुसता बदलला: लाकूड चकतीकडे न्यायचे की चकती लाकडाकडे? टेबलाच्या करवतीवर लाकूड ढकलतात. फळी उभी चिरायला हे उत्तम. पण दहा फुटी फळी आडवी कापायची असेल, तर एवढे लांब धूड सरळ सरकवणे कठीण. ती जरा तिरपी झाली, की चकतीत अडकून उसळते, आणि बोटे तिथेच असतात. अमेरिकेत रेमंड डीवॉल्टने १९२२ साली वरच्या दांड्यावर सरकणारी करवत केली. तीत लाकूड स्थिर आणि चकती ओढायची. मात्र तिचे दात ओढण्याच्याच दिशेने चढू पाहतात, त्यामुळे ती हाताला न जुमानता पुढे धावते. पुढे १९६० च्या दशकात वरून खाली येणारी मायटर करवत आली. चौकटीचे ४५ अंशांचे कोपरे ती झटपट कापते, पण साध्या मायटर करवतीत रुंद फळी मावत नाही.

ओढ-ढकल टेबल करवत या दोन्हींच्या मधली. चकती टेबलाखालून वर आलेली असते आणि दांड्याने पुढे ओढता येते. फळी आपल्या बाजूच्या पट्टीला टेकवून धरायची, कारण दात तिला आपल्याकडेच रेटतात. म्हणजे जुन्या सुताराच्या पायाचे काम इथे पट्टी करते. पट्टी ४५ अंशांवर फिरवली की मायटरचे काम होते. चकती एका जागी अडकवली की साधी टेबल करवत. मग लाकूड ढकला.

त्या खोपीत मायटर करवत नव्हती. मिस्त्रींनी लोखंडी अँगलच्या दोन रुळांवर मोटार आणि चकती बसवून वर टेबल केले होते. चकतीवर झाकण होते, तेही घरीच केलेले. (मुलांना हे घरी करून पाहायला सांगू नये, सरकत्या भागात जरा खेळ राहिला तर चकती अडकते.) तुळया सॉ मिलमध्ये चिरून आणायच्या आणि त्या फळ्यांतून दाराच्या चौकटी, देव्हारे, फोटोंच्या चौकटी करायच्या. फळी फूटभर रुंद, म्हणून मायटर करवत घेऊन उपयोग नाही, असे ते म्हणाले. फळी सरकवत का नाही, असे आम्ही विचारले. “गुरुजी, लाकूड जाग्यावर ठिवायचं आन् पातं आपल्याकडं आणायचं. आमचा बाप तसंच करायचा, खाली बसून.”

कापण्याआधी ते लाउडस्पीकरमधून काढलेले चुंबक फळीवरून सावकाश फिरवत होते. जुन्या घराचे खिळे लाकडात मोडून राहिलेले असतात, आणि एक खिळा लागला तरी चकतीचे दात जातात. आमच्यासमोर एका फळीत तीन सापडले. ते त्यांनी पक्कडीने उपटले आणि एका डब्यात टाकले. डबा अर्धा भरलेला होता.