राबाचा वाद

कल्याण स्टेशनाहून आगगाडीचे दोन फांटे फुटतात. एक कसाऱ्याकडे जातो, दुसरा कर्जतकडे. इमारती जेथें विरळ होतात तेथें दोन्ही फांट्यांच्या कडेनें भातखाचरें लागतात. उन्हाळ्याच्या अखेरीस त्यांतील एखाद्या खाचराच्या कोपऱ्यांत काळा, जळका चौकोन दृष्टीस पडतो. शहरवासी प्रवाशास तो वणव्याचा डाग वाटेल. वस्तुतः तेथें त्या शेतकऱ्याच्या वर्षाच्या अन्नाचा आरंभ झालेला असतो. त्याला ‘राब’ म्हणतात. ‘राबणें’ या आपल्या नित्याच्या क्रियापदाशीं या शब्दाचें नातें काय, हें भाषाकोविदांनीं ठरवावें. या राबावरून एकोणिसाव्या शतकांत ठाणें जिल्ह्यांत मोठा वाद माजला होता, आणि आज अन्न, हवामान व जैवविविधता यांविषयीं जगभर जी चर्चा चालली आहे तिचें मर्म त्या जुन्या वादांत सांपडतें.

राबाची रीति अशी. भाताचें रोप ज्या तुकड्यांत वाढवावयाचें तेथें शेणाचा थर द्यावयाचा. त्यावर झाडांचा टहाळ, मग पालापाचोळा व गवत, आणि आग भडकूं नये म्हणून वर थोडी माती. हा सारा थर मंद आंचेवर जाळावयाचा. पावसाच्या आरंभीं या भाजलेल्या जमिनींत बीं पेरावयाचें, आणि तीन-चार आठवड्यांनीं रोपें उपटून चिखल केलेल्या खाचरांत लावावयाचीं. भाजल्यानें तणाचें बीं मरतें, माती भुसभुशीत होते व रोप जोमानें येतें. जेथें वर्षाचा जवळजवळ सारा पाऊस, सुमारें अडीच हजार मिलिमीटर, चार महिन्यांत कोसळतो, तेथें रोप मागें पडलें कीं हंगाम हातचा गेला. टहाळासाठीं ऐनासारख्या झाडांच्या फांद्या छाटीत. म्हणूनच कोंकणांत भातजमिनीच्या जोडीला ‘वरकस’ जमीन असे. ती डोंगरउताराची, तिच्यावर नागली व वरी पिके, आणि गवत व टहाळहि तीच पुरवी. खाचर आणि वरकस मिळून एक शेत होई.

ही घडी विसकटली ती शहराच्या गरजेनें. १८५३ सालीं आगगाडी ठाण्यास आणि १८५४ सालीं कल्याणास पोंचली. वाढत्या मुंबईला तुळया व सरपण पाहिजे होतें, रेल्वेला लांकूड पाहिजे होतें. ठाण्याच्या जंगलाला एकाएकीं मोल आलें. १८७८ च्या वन-कायद्यानें जंगलांचे राखीव व संरक्षित असे वर्ग पाडले. कुणबी, आगरी, वारली, ठाकूर यांच्या रोजच्या व्यवहारांतला टहाळ आतां कोठें सवलतीचा, तर कोठें गुन्ह्याचा विषय झाला. जंगलखात्याचें म्हणणें असें कीं, फांद्या छाटल्यानें झाडें खुरटतात आणि राब ही शुद्ध उधळपट्टी आहे. शेतकरी म्हणे, राबावांचून रोप नाहीं आणि रोपावांचून भात नाहीं. असंतोष एका जिल्ह्यापुरता नव्हता. महात्मा फुले यांनींहि १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’ मध्यें जंगलखात्याच्या जाचाची कठोर हजेरी घेतली आहे. ठाणें व कुलाबा जिल्ह्यांतील तक्रारी इतक्या वाढल्या कीं, मुंबई सरकारला १८८५ सालीं चौकशी-आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ सालीं आला.

वादाचें स्वरूप पाहण्यासारखें आहे. ऐनाची एकच फांदी. जंगलखात्याला ती उद्यांचें लांकूड दिसे आणि शेतकऱ्याला उद्यांचें रोप. महसूलखात्याला त्याच रोपावर सारा वसूल करावयाचा होता. म्हणजे सरकारचाच एक हात फांदी तोडूं नको म्हणे, आणि दुसरा भाताचा सारा मागे.

पुढें डॉ. जॉन ऑगस्टस व्होल्कर नांवाचे इंग्रज रसायनज्ञ शेतीची पाहणी करण्यासाठीं १८८९ च्या अखेरीस हिंदुस्थानांत आले व वर्षभर हिंडले. १८९३ च्या अहवालांत त्यांनीं राबाचाहि विचार केला. मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्याचे ओझॅन यांनीं केलेले प्रयोग त्यांच्यापुढें होते. शेतकऱ्याच्या या रीतीला अडाणीपणा म्हणून झिडकारावयास ते तयार झाले नाहींत. त्यांचा मुख्य सिद्धांत साधा होता: सरपण नाहीं म्हणून शेण चुलींत जातें आणि शेत उपाशी राहतें, तेव्हां सरपण व वैरण देणारीं जंगलें राखा, म्हणजे शेण शेतांत जाईल. जंगल आणि शेत हीं एकाच हिशेबाचीं दोन पानें आहेत, असें त्यांनीं दाखविलें.

राब कां लागू पडतो, याचें शास्त्रीय उत्तर पुण्याच्या शेतकी कॉलेजांत शोधलें गेलें. हॅरल्ड मान, जोशी व कानिटकर यांनीं १९१२ सालीं राबावर स्वतंत्र निबंध प्रसिद्ध केला. राबाचा गुण केवळ राखेंतल्या खताचा नाहीं. माती तापल्यानें तिच्यांत जे बदल होतात त्यांचाहि तो आहे, असें त्यांना आढळलें. ज्या रीतीची आयोगापुढें पंचवीस वर्षांपूर्वीं उधळपट्टी म्हणून संभावना झाली होती, तिच्यामागें मातीचें शास्त्र होतें.

आतां आजच्या जगाकडे वळूं. १९९२ सालीं रिओ दि जानेरो येथील परिषदेंत हवामानाचा एक आणि जैवविविधतेचा एक असे दोन निरनिराळे करार सह्यांसाठीं मांडले गेले. हवामानाच्या कराराची कचेरी बॉन शहरांत आहे, जैवविविधतेची माँट्रियलला, आणि अन्न व शेती यांची जागतिक संघटना रोमला. शेतकऱ्याचें शेत मात्र एकच आहे. हें ओळखून शेत, रान, जनावरें, माती, पाणी व माणसें यांचा एकत्र विचार करणारें ‘कृषिपरिस्थितिकी’ हें शास्त्र पुढें आलें. २०२२ च्या डिसेंबरांत माँट्रियल येथें ठरलेल्या जैवविविधतेच्या जागतिक उद्दिष्टांपैकीं दहाव्या उद्दिष्टांत त्याचा स्पष्ट उल्लेख आहे.

याचा अर्थ जुनें सारें सोनें, असा नव्हे. राबानें धूर होतो, झाडें उघडीं पडतात, सेंद्रिय द्रव्य जळून जातें. राबाचें काम दुसऱ्या कशानें होत असेल तर तें पत्करावें. बांधावर गिरिपुष्प लावून त्याचा पाला खाचरांत गाडणें हा एक मार्ग. नेरळजवळच्या सगुणा बागेंत चंद्रशेखर भडसावळे यांनीं दुसरा मार्ग रूढ केला. त्यांत गादीवाफ्यांवर भात थेट टोंकतात. राब नाहीं, चिखलणी नाहीं, लावणी नाहीं, आणि कापणीनंतर मुळें जमिनींतच कुजूं देतात. माती सुधारते व मजुरी वांचते. मात्र तणनाशकाचा आधार घ्यावा लागतो, हा त्यावरील आक्षेपहि विचारांत घेतला पाहिजे.

पाण्याचा प्रश्न याहून नाजूक आहे. पाणी तुंबलेल्या खाचरांतून मिथेन वायु निघतो. मनुष्याच्या व्यवहारांतून जगांत जो मिथेन निघतो त्याचा सुमारें आठ ते दहा टक्के भाग भातशेतीचा आहे. म्हणून हवामानशास्त्रज्ञ सांगतात, खाचर मधून मधून कोरडें होऊं द्या. परंतु त्याच पाण्यांत बेडूक, खेकडे व बगळे जगतात. आणि तेंच पाणी शहराला पुरापासून वांचवितें. एक हेक्टर खाचराच्या बांधाआड दहा सेंटिमीटर पाणी राहिलें, तर तें दहा लाख लिटर होतें. २६ जुलै २००५ रोजीं उल्हास नदीनें बदलापूर-कल्याण परिसरांत जो हाहाकार केला, आणि जुलै २०१९ मध्यें वांगणीजवळ महालक्ष्मी एक्सप्रेस ज्या पुरांत अडकून पडली, ते प्रसंग आठवले म्हणजे या दहा लाख लिटरांचें मोल कळतें. वायूचा हिशेब एका खात्यानें, पक्ष्यांचा दुसऱ्यानें आणि पुराचा तिसऱ्यानें ठेवला, तर प्रत्येकाचा हुकूम बरोबर ठरेल आणि शेत मात्र मोडेल. १८८५ सालीं नेमकें हेंच घडत होतें.

हा प्रश्न केवळ मुरबाड-शहापूरच्या शेतकऱ्याचा नाहीं. २०१५ सालीं सत्तावीस गांवें कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेंत पुन्हां घेण्यांत आलीं. गांव शहराच्या नकाशांत आलें कीं खाचराला प्लॉट म्हणतात, आणि त्याच्या बांधाची किंमत कोणाच्याच हिशेबांत धरली जात नाहीं. उलट उदाहरणहि जवळच आहे. २०१४ पर्यंत ठाणें जिल्ह्यांतच असलेल्या वाडा तालुक्याच्या ‘वाडा कोलम’ तांदळाला २०२१ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. गिऱ्हाइकानें तांदूळ कोणत्या मातींतला आहे हें विचारलें, तर ती माती टिकण्यास आधार मिळतो. आयोगापुढें साक्ष देणाऱ्या शेतकऱ्याजवळ रसायनशास्त्र नव्हतें. पण रान, शेण, पाणी व भात हीं एकमेकांपासून तोडतां येत नाहींत, हें त्याला ठाऊक होतें. तें ज्ञान आपल्या नगररचनेच्या नकाशांत उतरावयाचें अजून राहिलें आहे. नवी विकास-योजना हरकती-सूचनांसाठीं जाहीर होईल तेव्हां, रस्ता किती रुंद हें विचारून झाल्यावर, यांत खाचरें किती राहिलीं हेंहि आपण विचारावें.