डाउनलोड केलं म्हणजे आपलं झालं?

मागच्या रविवारी आई दादरहून रत्नागिरीला निघाली. कोकण रेल्वेच्या बोगद्यांत रेंज नसते, म्हणून गुरुवारी रात्रीच तिच्या फोनवर दोन सिनेमे डाउनलोड करून दिले होते. चिपळूणच्या आसपास तिचा फोन. "अरे, सिनेमा लागत नाहीये. मुदत संपली म्हणतंय! फोनमध्येच आहे ना तो, मग मुदत कसली?"

खरं सांगतो, उत्तर देताना ओशाळलो. कारण असलाच मुदत संपवणारा कोड मी ऑफिसात लिहितो. :-)

झालं होतं असं, की 'चालतोय ना' हे बघायला तिने गुरुवारीच दोन्ही सिनेमे मिनिटभर लावून पाहिले होते. अशा डाउनलोडला बहुधा दोन घड्याळं असतात. एक डाउनलोडपासून सुरू होतं, काही दिवसांचं किंवा आठवड्यांचं. दुसरं पहिल्यांदा प्ले दाबल्यापासून, आणि ते बर्‍याचदा फक्त ४८ तासांचं. सिनेमाची फाईल जागच्या जागी होती, पण ती कुलूपबंद. तिची किल्ली, म्हणजे लायसन्स, बाद झालेली. नवी किल्ली सर्व्हरवरून मागवेपर्यंत गाडी पुन्हा बोगद्यात!

हे कुलूप-किल्लीचं प्रकरण आलं कुठून? डीव्हीडी १९९६ मध्ये आली तेव्हा तिच्यावर सीएसएस नावाचं कुलूप होतं (वेबवालं सीएसएस नव्हे!). किल्ली प्लेयरच्या आतच असायची, आणि तिला मुदत नव्हती. १९९९ मध्ये ते कुलूप उघडणारा डीसीएसएस हा प्रोग्रॅम बाहेर आला. त्यामागे नॉर्वेतला योन योहानसेन हा १५ वर्षांचा मुलगा होता. त्याच्यावर खटला झाला आणि २००३ मध्ये दोन न्यायालयांनी त्याला निर्दोष सोडलं. विकत घेतलेली डीव्हीडी हव्या त्या मशीनवर बघणं हा गुन्हा नाही, असा तो निकाल.

त्याच वर्षी ॲपलचं आयट्यून्स दुकान उघडलं. गाणं ९९ सेंटला, पण फेअरप्लेच्या कुलपात, आणि सुरुवातीला फक्त तीन कॉम्प्युटरवर चालणारं. २००७ मध्ये स्टीव्ह जॉब्जनेच जाहीर पत्र लिहून हे कुलूप नको म्हटलं, आणि २००९ मध्ये गाणी मोकळी झाली.

खरा धडा मात्र मायक्रोसॉफ्टच्या एमएसएन म्युझिकचा. दुकान २००६ मध्ये बंद. २००८ मध्ये त्यांनी जाहीर केलं की ऑगस्टअखेरीनंतर किल्ल्या मिळणार नाहीत. म्हणजे पैसे मोजून घेतलेली गाणी नव्या कॉम्प्युटरवर चालणारच नाहीत! आरडाओरडा झाल्यावर ती तारीख २०११ अखेरपर्यंत पुढे ढकलली. पण गाणी आपली नव्हती, हे लोकांना कळून चुकलं.

मग मोबाईल आला. भारतात २०१४ मध्ये यूट्यूबने काही व्हिडिओ ४८ तास ऑफलाईन ठेवायची सोय दिली. २०१६ मध्ये नेटफ्लिक्सने डाउनलोड आणलं. अँड्रॉइडवर हे काम बहुतेकदा वाइडवाइन करतं. ही कंपनी २०१० मध्ये गूगलने घेतली. चांगल्या फोनात किल्ली प्रोसेसरच्या सुरक्षित भागात राहते, बाकीच्यांत नुसत्या सॉफ्टवेअरच्या भरवशावर, आणि म्हणून तिथे बर्‍याचदा एचडी मिळत नाही.

आता मासिक वर्गणी भरून आणलेला सिनेमा परत द्यावा लागणं मला चुकीचं वाटत नाही. वाचनालयाचं पुस्तकही परत करतोच की आपण. पण वाचनालय पुस्तकावर तारखेचा शिक्का मारून देतं! आपण मात्र 'डाउनलोड' हा मालकीच्या जमान्यातला शब्द तसाच ठेवला आणि त्याचा अर्थ गुपचूप बदलला. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून कायदा आहे, की नुसतं लायसन्स देऊन 'खरेदी' म्हणत असाल तर ते स्पष्ट सांगा. वर्गणीवाले त्यातून वगळलेत, म्हणजे आईचा सिनेमाही.

असो. सोमवारच्या मीटिंगला मी एवढंच मागणार आहे, की पहिल्यांदा प्ले दाबताना 'आता ४८ तास सुरू होतील, चालेल?' असं विचारू या. दोन दिवसांचं काम आहे. तोवर मंडळी, प्रवासाआधी नेट असताना ॲप एकदा उघडा, आणि 'चालतोय ना' म्हणून प्ले दाबू नका!