हिवाळ्यातली तहान : सोपाऱ्याची प्रपा आणि मुंबईचे सायकलस्वार

पौषातल्या पहाटे बोळिंजहून अर्नाळ्याच्या किंवा वज्रेश्वरीच्या दिशेने निघालेला सायकलस्वार परततो, तेव्हा त्याची पाण्याची बाटली बहुधा निम्म्याहून अधिक भरलेली असते. वैशाखात हीच बाटली वाटेत दोनदा भरून घ्यावी लागते. मग थंडीत पाण्याचे ओझे वाहायचे कशासाठी? प्रश्न साधा आहे. पण त्यामागचा इतिहास जवळजवळ दोन हजार वर्षांचा आहे आणि त्याचे एक टोक बोळिंजच्या शेजारीच, सोपाऱ्यात सापडते.

नाशिकच्या पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. काळ इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाचा पूर्वार्ध. त्यात त्याच्या दानांची यादी कोरलेली आहे. भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन आणि शोर्पारग, म्हणजे आपले सोपारे, येथे त्याने प्रवाशांसाठी धर्मशाळा बांधल्या, विहिरी आणि तळी खोदली. इबा, पारादा, दमण, तापी, करबेणा आणि दाहनुका या नद्यांवर विनामूल्य नावा ठेवल्या. आणि त्या नद्यांच्या दोन्ही तीरांवर सभा व प्रपा उभारल्या. दाहनुका म्हणजे डहाणूची नदी. प्रपा म्हणजे पाणपोई.

राजे भूमी दान देतात, सुवर्ण देतात, गाई देतात. त्याच यादीत वाटसरूच्या घोटभर पाण्याला स्थान मिळते, हे लक्षात घेण्याजोगे आहे. पाणी वाहण्याची जबाबदारी येथे प्रवाशावर नव्हती, वाटेवर होती. प्रवाशाने तांब्या किंवा तुंबा जवळ बाळगला की पुरे. ही रीत महाराष्ट्रात आजही जिवंत आहे, पण तिला ऋतूचे बंधन आहे. पाणपोई पाडव्याच्या सुमारास मांडली जाते आणि पावसाळा लागला की रांजण उचलले जातात. मार्गशीर्षातल्या वाटसरूला तहान लागेल, हे कोणाच्या मनात येत नाही. कित्येकदा त्या वाटसरूच्याही येत नाही, आणि खरा धोका तेथेच आहे.

१५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलींवरून पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले : आदी हकीम, जाल बापासोला, रुस्तम भुमगरा, गुस्ताद हाथीराम, केकी पोचखानवाला आणि नरिमन कापडिया. पंजाब ओलांडून ते बलुचिस्तानात शिरले, तोवर हिवाळा पडला होता. झियारतच्या डोंगराळ मुलखात त्यांना गुडघाभर बर्फातून जावे लागले. पुढे इराणचा पठारी प्रदेश. तेथील जुन्या तांड्यांच्या वाटांवर सराया होत्या, आच्छादित हौदही होते. पण दोन मुक्कामांमधले अंतर ज्याचे त्याने स्वतःच्या पाण्यावर काटायचे असते.

सभोवार बर्फ पसरलेले असताना पाण्याची चिंता कसली, असे मुंबईकराला वाटणे स्वाभाविक आहे. परंतु बर्फ म्हणजे पिण्याचे पाणी नव्हे. किलोभर बर्फ खाल्ले तर ते वितळवून शरीराच्या तापमानापर्यंत आणण्यात अंगातील सुमारे ११७ किलोकॅलरी उष्णता खर्च होते. शिवाय ताजे भुसभुशीत बर्फ बव्हंशी हवाच असते. भांडे भरून वितळवावे, तर तळाशी चार घोट पाणी उरते. त्यासाठी सरपण हवे, आणि उघड्या डोंगरावर सरपण तरी कोठून आणणार?

दुसरीकडे शरीर फसवत असते. थंडीने त्वचेच्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्त अंगाच्या गाभ्याकडे वळते. शरीराला वाटते, द्रव पुरेसा आहे. तहान मंदावते आणि लघवी मात्र वाढते. चढावर धापा टाकताना तोंडातून निघणारी वाफ हे अंगातलेच पाणी असते. कोरड्या हवेत घाम कपडे ओले होण्याआधीच उडून जातो. उन्हातली तहान ओरडून सांगते; थंडीतली मुकी असते.

भांड्यांचा इतिहासही याच अडचणीभोवती फिरतो. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगते, म्हणून काठोकाठ भरलेली बाटली थंडीत फुटू शकते. ब्रिटिश सैन्याच्या १९०८ सालच्या साजातील लोखंडी बाटलीवर जाड लोकरी आवरण असे. उन्हाळ्यात ते भिजवले की पाणी गार राही आणि कोरडे ठेवले की थंडीत गोठण्यास विलंब होई. एकाच आवरणाची ही दुहेरी चाकरी मोठी चतुर म्हणावी लागेल. जर्मनीत १९०४च्या सुमारास थर्मास बाजारात आला, पण त्याच्या आत काच. खडबडीत वाटेवर सायकलच्या हादऱ्यांत ती किती टिकणार? गिर्यारोहक तर बाटली उलटी ठेवतात. चार अंशांचे पाणी सर्वांत जड असल्याने बर्फ वरच्या बाजूला धरते आणि खाली असलेले तोंड मोकळे राहते.

बगदादपासून हलबपर्यंतचे ९५६ किलोमीटरांचे वाळवंट या चमूने २३ दिवसांत पार केले. त्यांच्या प्रवासाची आठवण निघते ती बहुधा याच टप्प्यासाठी. वाळवंटातील तहानेच्या कथा रंगतात, बर्फातल्या तहानेची कोणी कथा करत नाही. वास्तविक दोन्हीकडे पाणी तितकेच मोलाचे होते.

कापडिया, पोचखानवाला आणि हाथीराम वाटेत वेगळे झाले. हकीम, बापासोला आणि भुमगरा सुमारे ७१,००० किलोमीटर तुडवून १८ मार्च १९२८ रोजी मुंबईत परतले. पाडवा चार दिवसांवर आला होता. पाणपोयांचे रांजण धुऊन मांडण्याचे ते दिवस.